‘खरं’ नावाची फाईल

कुठलंही नवं घर दिसलं की लोक आधी फरशी बघतात, दार बघतात, फार तर रंगाला नाक मुरडतात. माझी नजर आधी गच्चीवर जाते. कॉलमच्या सळया वर सोडल्यात का, किती सोडल्यात, गंजल्यात का. आमच्या भोर-वेल्ह्याकडे बहुतेक घरांवर त्या असतातच. ‘पुढंमागं लागलं तर’ म्हणून सोडलेल्या. घर एका मजल्याचं, पाया एका मजल्याचा, आणि सळया मात्र आभाळाकडे. इतकी वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढून सह्या करते आहे, मीही त्या डोळ्यांदेखत सोडू दिल्या आहेत. पूर्वी त्या बघून मला काही वाटायचं नाही. ही खोड बशीरभाईंनी लावली, आणि ती आता सुटायची नाही.

बशीरभाई मुलाणी माझ्याकडे आले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. भोरच्या एसटी स्टँडजवळ, कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत माझं ऑफिस होतं. नुकताच कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला कोणी येत नसल्यामुळे त्यावर धुवट चादर टाकून ठेवली होती. बशीरभाईंनी सगळी नोकरी धरणाच्या कामांवर नकाशे काढण्यात घालवलेली. शाईच्या पेनाने काढलेली त्यांची रेघ मी पाहिली होती, केसासारखी. निवृत्तीनंतर मात्र त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते जिना चढून आले, चादरीकडे बघत उभे राहिले.

‘‘ताई, ह्या मशीनला माझा हात हालतो ते कळतं का?’’

‘‘नाही कळत.’’

‘‘मग उद्यापासनं येतो.’’

पगाराचं विचारलंच नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी साडेनऊला डबा घेऊन हजर. माउस ते दोन्ही हातांनी धरायचे, उजव्यावर डावा ठेवून. तीन महिन्यांत त्यांनी मला मागे टाकलं. मी कागदावरचा नकाशा कॉम्प्युटरवर काढायला शिकले होते, ते घर उभं करायला शिकले. म्हणजे अगदी उभं, चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असं, आत शिरून जिना चढता येईल असं. प्रत्येक कॉलम वेगळा, प्रत्येक बीम वेगळा, त्यातली सळईसुद्धा वेगळी. पुढे कितीतरी वर्षांनी पुण्यात एका कार्यशाळेत मला कळलं की या प्रकाराला मोठं इंग्रजी नाव आहे आणि मोठ्या कंपन्या त्याच्यासाठी वेगळी माणसं ठेवतात. आमच्याकडे ते बशीरभाई खूळ म्हणून करत होते.

त्यांची पद्धत अशी की घर ज्या क्रमाने बांधतात त्याच क्रमाने ते कॉम्प्युटरवर चढवायचं. आधी जमीन, तिचा उतार, मग खड्डे, कॉलमखालचं फुटिंग, कॉलम. कोणी गिऱ्हाईक समोर बसलंय, घाई आहे, आधी दर्शनी बाजू तेवढी दाखवा म्हणून मी सांगितलं तर म्हणायचे, ‘‘पाया न्हाई तर दर्शनी बाजू कशावर धरू, ताई?’’ स्लॅब काढून झाला की उठून चहाला जायचे. मी बोलावलं तर जिन्यातून ओरडायचे, ‘‘स्लॅब ओला हाय अजून.’’ आधी मला वाटलं थट्टा करतात. पण खरोखरच स्लॅब टाकल्यावर लगेच त्यावर काही चढवायला त्यांचा जीव धजत नसे. दिवसातून दोनदा वीज जायची. यूपीएस केकाटायला लागला की पुढची पाच मिनिटं सगळं ऑफिस जीव मुठीत धरून बसायचं. बशीरभाई शांतपणे बटण दाबून म्हणायचे, ‘‘घर वाचलं.’’

घराच्या मालकाला ते भलतेच प्रश्न विचारायचे. मुलं किती, धाकट्याचं लग्न कधी, भात घरात ठेवता की लगेच घालवता, म्हशी आहेत का, सासू जिना चढते का. लोक वैतागायचे. ‘‘अहो, प्लॅन काढायचाय का सोयरीक जुळवायचीय?’’ असं एकाने विचारलंही होतं. बशीरभाई त्यांना उत्तर द्यायचे नाहीत. ते सगळं वहीत टिपायचे आणि मग एकाच घराच्या दोन फाईली करायचे, दोन वेगळ्या फ्लॉपींवर. एकीवर लिहायचे ‘मंजूर’. दुसरीवर ‘खरं’. मंजूर म्हणजे जे आम्ही मंजुरीला देणार ते. खरं म्हणजे हा माणूस पुढच्या दहा वर्षांत प्रत्यक्षात जे बांधणार आहे, वाढवणार आहे, ठेवणार आहे ते. झाकलेला व्हरांडा, गॅलरीत रचलेली पोती, गच्चीवरची टाकी, धाकट्याच्या लग्नाला काढलेली खोली. मग ते मला वजनं काढायला लावायचे आणि मी दिलेल्या आकड्यांप्रमाणे रंग भरायचे. ठीक असेल तिथे हिरवा, ताण येईल तिथे पिवळा, आणि नको तिथे लाल.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या फ्लॉपी असायच्या, घराघरांच्या जोड्या लावून.

वेल्ह्याच्या एका गुरुजींचं घर आम्ही केलं. बशीरभाईंनी ‘खरं’मध्ये जिन्यावर एक माणूस काढला होता, डोक्यावर पोतं घेतलेला. जिन्यावरच्या बीमला तो माणूस आपटत होता. त्यांनी गुरुजींना खुर्चीत बसवून दाखवलं.

‘‘गुरुजी, बीम हितनं हलवायला पायजे. हितं माणूस आपटणार. पोतं घिऊन चढताना.’’

गुरुजी हसले. ‘‘आम्ही मास्तर माणसं. आम्ही कुठं पोती वाहणार?’’

बीम हलला नाही. वैशाखात गुरुजींचे गावाकडचे थोरले बंधू भावाला तांदूळ घेऊन आले. पोतं वर नेऊन ठेवतो म्हणाले. बीम कपाळावर बसला, ते पाठीमागे गेले आणि खुब्याचं हाड मोडलं. पंधरा दिवसांनी गुरुजी आमच्याकडे आले. मला वाटलं, चूक कबूल करायला आले असतील. ते बशीरभाईंसमोर उभे राहिले, चेहरा लालबुंद.

‘‘तुम्ही त्या दिवशी तसं बोलायला नको होतं,’’ ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

आपल्याकडे एवढं पुरे होतं. नंतर एका पडवीचा पत्रा वाऱ्याने गेला, तो बशीरभाईंनी आधी सांगितला होता. एका विहिरीचा कठडा खचला, तोही. प्रत्येक वेळी वजन, उतार, वारा यांचा साधा हिशेब होता. पण स्टँडवरच्या हॉटेलात हिशेब कोण ऐकतो? मुलाणी काळ्या जिभेचा आहे, बोलतो ते होतं, असं सुरू झालं. लोक मला येऊन सांगायला लागले, ‘‘ताई, प्लॅन तुमीच काढा. पण त्या चाचांना आमच्या घराबद्दल काय बोलू देऊ नका.’’

उत्रोलीच्या बाबूरावांचं मात्र कोणी बोलत नाही. बाबूरावांकडे भात भरपूर, भाव येईपर्यंत पोती पुढच्या गॅलरीत रचायची त्यांची रीत. बशीरभाईंनी गॅलरीत पोती काढून दाखवली, लाल रंग दाखवला आणि बाबूरावांनी निमूटपणे गॅलरीला जाड स्लॅब आणि खालून दोन कॉलम घेतले. ती गॅलरी आजही उभी आहे. दर वर्षी पोती लागतात. खाली त्यांची नातवंडं खेळतात. जी पडली नाही त्या गॅलरीची गोष्ट सांगणार कोण आणि ऐकणार कोण? बशीरभाई मात्र उत्रोलीवरून जाताना एसटीच्या खिडकीतून वाकून ती गॅलरी बघायचे. मी पाहिलंय त्यांना.

माझी गिऱ्हाइकं तुटायला लागली. दोन कामं हातची गेली तेव्हा मी एका दुपारी त्यांना सरळ सांगितलं. बशीरभाई, यापुढे ‘खरं’ची फाईल कोणाला दाखवायची नाही आणि कोणाच्या घराबद्दल काही बोलायचं नाही. मंजुरीपुरतं काढायचं, बस. मी हे रागाने नाही सांगितलं. धंदा सांभाळायचा म्हणून सांगितलं. म्हणजे जास्तच वाईट.

त्यांनी समोरची फाईल बंद केली. मग ‘‘बरं,’’ म्हणाले. संध्याकाळी जाताना बिस्किटांचा डबा पिशवीत घालून घरी घेऊन गेले. फाईली करायचे ते थांबले नाहीत, जेवणाच्या सुट्टीत एकटेच करत बसायचे. पण दाखवणं आणि बोलणं संपलं. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की ते माझा शब्द पाळत होते एवढंच नव्हतं. त्यांना स्वतःच्याच जिभेची भीती बसली होती. कुणी ‘पाऊस येईल का हो?’ विचारलं तरी ते नुसतं आभाळाकडे बघायचे.

त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या भावाने, यासीनने, नसरापुरात हायवेजवळ जागा घेतली. यासीन बोलका, हसरा, टेम्पोच्या धंद्यात चार पैसे मिळवलेला. खाली थंड पेयांचं दुकान, वर कुटुंब, असं घर त्याला हवं होतं. कॉलम एकूण नऊ, प्रत्येक नऊ इंच बाय बारा इंच.

‘‘मोठं घे की रं,’’ बशीरभाई म्हणाले.

‘‘भाई, एकच मजला चढवायचाय मला. वर काय बांधायचंय?’’

‘‘मग सळया कशाला सोडतोस?’’

‘‘समदेच सोडतात.’’

नकाशावर मी सही केली. खाली दुकान, वर एक मजला. काही चूक नव्हतं त्यात. पुढे एकदा मी जेवून लवकर परतले तेव्हा पडद्यावर तेच घर होतं, पण उंच. दुसरा मजला होता, टाकी होती आणि त्याच्यावर गच्चीच्या मधोमध एक मोठा करडा ठोकळा, नाव नसलेला. तळमजल्यावर दुकानाच्या मध्यावरचा पाच नंबरचा कॉलम लाल होता.

‘‘हा ठोकळा काय आहे?’’ मी विचारलं.

‘‘म्हाईत न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘पण रिकामी गच्ची यासीन ठेवणार न्हाई. कायतरी जड चढवंल. काय ते अजून बाजारात निघालं नसंल.’’

मी तेव्हा हसले होते. ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

मग हायवे चौपदरी व्हायला लागला आणि रस्त्याकडेच्या प्रत्येकाला दम निघेना. यासीनच्या मुलाचं, आरिफचं, लग्न ठरलं तेव्हा वर दुसरा मजला झाला. आमच्याकडे कागद आला नाही. सळया होत्याच, ठेकेदाराने त्या पुढे वाढवल्या. वर्ष-दीड वर्षाने दोन माणसं माझ्या ऑफिसात आली, गळ्यात ओळखपत्रं. यासीनच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभारायचाय, गच्ची मजबूत आहे असं पत्र हवं. मी नाही म्हटलं. ती माणसं गेली आणि पत्र त्यांना दुसरीकडून मिळालं. महिन्याभराने पुण्याला जाताना एसटीतून मला तो टॉवर दिसला. लांबूनसुद्धा मी ओळखला. बशीरभाईंचा करडा ठोकळा होता तो, त्याला आता नाव मिळालं होतं. 

मी बशीरभाईंना म्हटलं, भावाशी बोला. 

‘‘म्या बोललो आन् झालं तर?’’

‘‘तुमच्या बोलण्याने काही होत नाही, बशीरभाई.’’

‘‘मग मला गप का केलंत, ताई?’’

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. 

शेवटी त्यांनी यासीनला ऑफिसात बोलावलं आणि न बोलता फाईल उघडली. घर हळूहळू फिरवलं. आत शिरले, दुकानात थांबले. पाच नंबरचा कॉलम पडद्यावर लालभडक. त्यांनी भावाकडे बघून तोंड उघडलं आणि मिटलं.  मग मीच बोलले. वजन किती, कॉलम किती पेलेल, सगळं सांगितलं. यासीनने शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘ताई, तुमच्या कागदावर एकच मजला हाय न्हवं? मग तुमच्यावर काय येत न्हाई. तुमी कशाला जिवाला घोर लावून घेता?’’ आणि उठता उठता भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘भाई, ह्यो लाल रंग तेवढा बदला. चांगला दिसत न्हाई.’’

त्यानंतर बशीरभाई दर शुक्रवारी नसरापूरला जायला लागले. दुकानात जाऊन बसायचे, कॉलमकडे तोंड करून. यासीनला वाटायचं, म्हातारपणी भावाचा लळा लागला. एकदा त्यांना दिसलं की फ्रीज बसेना म्हणून आरिफने पाच नंबरच्या कॉलमचा कोपरा छिन्नीने चार बोटं उडवलाय. वर सनमायकाची पट्टी मारून टाकलीय, नीटनेटकी. बशीरभाईंनी दुकानात दोन लोखंडी टेकू लावले. पुढच्या शुक्रवारी गेले तर टेकू मागच्या दाराशी आडवे. गिऱ्हाइकांच्या पायात येत होते म्हणे.

मग त्यांनी धरणावरची जुनी युक्ती केली. कॉलमवरच्या बारीक भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. भेग एका जागी स्थिर असेल तर काचेला काही होत नाही. हलली तर काच तडकते. काच खोटं बोलत नाही आणि तिला कोणी काळ्या जिभेची म्हणत नाही.

भातं पोटरीला आली होती. पाऊस उघडला होता. त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी ते सकाळच्या एसटीने नसरापूरला गेले आणि अकराच्या सुमारास ऑफिसात आले. टेबलावर रुमाल ठेवून उलगडला. आत काचेचे दोन तुकडे होते.

‘‘परवा लावलेली,’’ ते म्हणाले. ‘‘आज दोन जागी झालीय.’’

मी फोनकडे हात नेला. त्यांनी त्यांचा थरथरता हात फोनवर ठेवला.

‘‘तुमचं ऐकणार न्हाई त्यो. सकाळी काच दावली तर म्हणला, पोरानं हात लावला आसंल. माझं ऐकंल, पण घराचं म्या बोलणार न्हाई. माझ्या तोंडून न्हाई.’’

मग त्यांनी स्वतः नंबर फिरवला. मी समोर बसले होते. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

‘‘यासीन. म्या चाललोय रं. छातीत... न्हाई, डॉक्टर नगं आता. सगळ्यांना घिऊन ये. आत्ता. दुकान बंद कर, पोरासोरांना, सुनेला, समद्यांना आन. एक बी मागं ठिवू नको. मला समद्यांचं तोंड बघायचंय.’’

त्यांनी फोन ठेवला. ‘‘ताई,’’ ते म्हणाले, ‘‘आता म्या बोललो.’’

मी नसरापूरला दुकानाशेजारच्या टायरवाल्याला फोन करून सांगितलं, यासीनच्या इमारतीजवळ कोणाला उभं राहू देऊ नकोस, तूही लांब हो, कारण विचारू नकोस. मग आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला, भाभींना, काही सांगायला वेळच मिळाला नाही. बशीरभाई कॉटवर आडवे झाले, चादर गळ्यापर्यंत घेतली आणि भाभी खऱ्याखुऱ्या रडायला लागल्या. मी दाराशी उभी होते. मला कधी इतकं ओशाळल्यासारखं झालं नाही.

पाऊण तासात टेम्पो आला. यासीन, त्याची बायको, आरिफ, त्याची पोटुशी बायको, यासीनच्या दोन लहान मुली. सगळे कॉटभोवती बसले. यासीन पायाशी बसून भावाचे पाय चेपायला लागला, डोळ्यांतून पाणी गळत होतं. बशीरभाई डोळे मिटून पडले होते. मी मनात माणसं मोजली. सहा. सगळे होते.

अर्धा तास गेला, तास गेला. मुली चुळबुळ करायला लागल्या. यासीनचे हात थांबले.

‘‘पाय तर गरम हायती,’’ तो हळू म्हणाला. मग भावाच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि उठलाच. ‘‘भाई, हे काय सोंग हाय? भर धंद्याच्या वेळंला दुकान बंद करून आणलंत आमाला! चला रं, गाडीत बसा.’’

बशीरभाई उठून बसले आणि भावाचं मनगट धरलं. ‘‘जेवून जा,’’ म्हणाले. यासीन हात सोडवत होता. ‘‘जेवून जा, यासीन. एवढं ऐक. जेवून जा.’’ मी आयुष्यात त्यांचा तो हात तेवढा एकदाच न थरथरता पाहिला.

भाभींनी डोळे पुसत तवा ठेवला. भाकऱ्या होत होत्या. यासीन फुगून उंबऱ्यात बसला होता, तेव्हा त्याचा मोबाईल वाजला. टायरवाला एवढ्या मोठ्याने ओरडत होता की आत सगळ्यांना ऐकू आलं.

‘‘यासीनभाई, तुमी कुठं हाय? आत कुणी हाय का? इमारत बसली! दुकान दिसंना! टॉवर मागं भातात आडवा झालाय!’’

 तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आरिफची बायको पोटावर हात धरून खाली बसली. यासीनने मोबाईल कानापासून काढला आणि सावकाश भावाकडे वळला.

‘‘तुमी काय बोलला होता का?’’ तो म्हणाला. ‘‘घराचं कुणाजवळ काय बोलला होता का?’’

‘‘न्हाई,’’ बशीरभाई म्हणाले. ‘‘म्या फक्त माझं बोललो.’’

सहा माणसं वाचली त्या दिवशी. गावात मात्र चर्चा झाली ती मुलाण्याने भावाचं घर खाल्ल्याची. यासीन चार महिने भावाच्या घरी आला नाही. मग त्याच जागेवर पुन्हा बांधायला काढलं, या वेळी फक्त तळमजला, पुढे दुकान, मागे दोन खोल्या. कॉलम तेवढेच, नऊ.

बशीरभाई त्यानंतर ऑफिसात यायचे, पण कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत. वही घेऊन बसायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, ‘‘ताई, म्या बोललोय न्हवं? ते व्हायचं राहिलंय अजून.’’ मी त्यांच्यावर चिडले, वेड्यासारखं बोलू नका म्हटलं. ते हसले. माझी समजूत काढल्यासारखे हसले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. छातीचंच. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, त्यांनी अंगावर काढलं होतं. मला ते पटतं. कधीकधी पटवून घ्यावं लागतं. भाभींनी तो बिस्किटांचा डबा माझ्याकडे आणून दिला. त्यात माझ्या स्वतःच्या घराचीही जोडी निघाली, मंजूर आणि खरं. ‘खरं’ मी अजून उघडलेली नाही. आता तर फ्लॉपी वाचणारं यंत्रही कुठे मिळत नाही, आणि मिळालं तरी मी बघेन असं नाही. नसरापूरच्या त्या नव्या घराच्या गच्चीवर चार कॉलमच्या सळया आजही उभ्या आहेत. आरिफ वर खोल्या काढायच्या म्हणतोय असं ऐकते. मी जाऊन आले, बोलून आले. त्याने चहा पाजला.

बशीरभाईंना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. मी पुण्याला निघाले होते. एसटी नसरापूरला चहापाण्याला थांबली आणि खिडकीतून दिसलं की यासीनच्या नव्या स्लॅबवर भर उन्हात कोणीतरी बसलंय. मी उतरले. यासीन खाली खुर्ची टाकून बसला होता.

‘‘ताई, बरं झालं आलात. सांगा त्यांना उतरायला,’’ तो म्हणाला. ‘‘सकाळपासनं सळया कापत बसल्यात. कशाला कापायच्या चांगल्या सळया? पुढंमागं लागल्या तर?’’

मी शिडीने वर गेले. डोक्याला ओला रुमाल बांधून बशीरभाई चौथ्या कॉलमपाशी बसले होते. एकापासून ओळीने आले होते, त्यांच्या पद्धतीप्रमाणे. कापलेल्या सळया शेजारी नीट रचलेल्या. लोखंड कापायची करवत त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, उजव्यावर डावा ठेवून. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

‘‘बशीरभाई, खाली चला. चहा घेऊ.’’

‘‘च्या मागनं,’’ ते वर न बघता म्हणाले. ‘‘म्या बोललोय, ताई. त्याच्या आधी एवढं उरकतो.’’

मी म्हटलं, द्या माझ्याकडे, मी कापते. त्यांनी मान हलवली. तुमची गाडी चुकंल, म्हणाले. आणि मी खरंच खाली उतरले. कंडक्टर घंटी मारत होता.

मागच्या काचेतून मी बघत राहिले. चौथ्याची शेवटची सळई पडली तिचा आवाज रस्त्यापर्यंत आला. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कंबर सरळ केली, आणि दोन पावलं चालून पाच नंबरच्या कॉलमपाशी जाऊन बसले.